फळीवरची फुप्फुसं

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात एक खोली होती आणि त्या खोलीत शिसं ओतणारा एक माणूस होता. दारावरच्या पाटीवर त्यांच्या हुद्द्याचं लांबलचक नाव होतं, पण ते कुणाच्याच तोंडात बसत नसे. आम्ही त्यांना ओतारीकाका म्हणायचो. तरुणपणी ते छापखान्यांसाठी अक्षरांचे खिळे ओतायचे. खिळ्यांची छपाई बंद पडली तशी त्यांच्या हाताला कामच उरलं नाही, आणि शिशाची सवय असलेला माणूस हवा म्हणून हॉस्पिटलनं त्यांना ठेवून घेतलं. वर मशीनवर पेशंटला झोपवायचं, हलू नका म्हणून बजावायचं आणि बाहेर येऊन बटण दाबायचं, हे माझं काम. माझं तोंड फटकळ. काकांशी माझं दिवसातून एकदा तरी वाजायचं, आणि ज्या दिवशी वाजलं नाही त्या दिवशी आम्हा दोघांनाही चुकल्यासारखं वाटायचं.

रक्ताच्या कॅन्सरच्या काही पेशंटना अख्ख्या अंगावर किरणं देतात. हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं ती जागा रोगासकट पार रिकामी करायची. मग दुसऱ्या कुणाच्या, बहुतेक वेळा सख्ख्या भावाबहिणीच्या, मूळपेशी सलाइनसारख्या थेंब थेंब चढवायच्या. त्या पेशी रक्तातून फिरत फिरत आपणहून हाडांत शिरतात आणि तिथे रुजतात. त्यांना वाट कुणी दाखवत नाही. रुजल्या तर माणूस घरी जातो. नाही रुजल्या तर त्याच्याकडे जुनं रक्तही नसतं आणि नवंही नसतं.

या सगळ्यात फुप्फुसं फार नाजूक. बाकीचं शरीर सोसतं तेवढी किरणं त्यांना सोसत नाहीत. म्हणून त्या माणसाच्या फुप्फुसांच्या आकाराचे दोन ठोकळे मशीन आणि पेशंट यांच्या मधे लावायचे, म्हणजे त्यांची सावली छातीवर पडते. ते ठोकळे काका करायचे. डॉक्टरांनी फिल्मवर आखलेल्या रेषेवरून तापलेल्या तारेनं थर्मोकोल कापायचा, मधला तुकडा काढून टाकायचा आणि उरलेल्या पोकळीत शिशाचा मिश्रधातू ओतायचा. हा धातू उकळत्या पाण्यातसुद्धा वितळतो, इतका मऊ मनाचा. गोठला की कानशीनं कडा घासायच्या, प्लास्टिक गुंडाळायचं, उजवा-डावा लिहायचं. शेवटचं रेडिएशन झालं की ठोकळे परत धातू वितळवायच्या मुशीत टाकायचे. त्याच धातूतून पुढच्या पेशंटची फुप्फुसं निघायची. हा नियम होता आणि काकांना त्यात काही वावगं वाटत नसे. छापखान्यातही पुस्तक छापून झालं की खिळे वितळवायचेच की.

मग एका शाळामास्तरीणबाईंचं रेडिएशन झालं. काकांनी त्याच दुपारी त्यांचे ठोकळे वितळवले. पुढे बाईंच्या फुप्फुसांनाच सूज आली आणि त्या गेल्या. अशी सूज कधी कधी येते, ठोकळे कितीही बिनचूक असले तरी येते. पण काकांच्या मनात पाल चुकचुकली. उजव्याचा डावा तर झाला नव्हता ना? कड जास्त घासली गेली होती का? आमच्या फिजिसिस्ट मॅडमनी फिल्म काढून दाखवली. सगळं जागच्या जागी होतं.

"फिल्म म्हणजे सावली झाली, मॅडम," काका म्हणाले. "ठोकळा कुठाय?"

ठोकळा मुशीत होता. त्याचं तोवर दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी झालं होतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काकांनी खोलीत मुशीच्या वर एक लाकडी फळी ठोकली. पेशी रुजून पेशंट स्वतःच्या पायांनी घरी जाईपर्यंत त्याचे ठोकळे त्या फळीवर ठेवायचे, हा त्यांनी स्वतःपुरता नियम केला. पेशंट दगावला, तर त्या दिवशी दार लावून घ्यायचे आणि एकटेच ठोकळे वितळवायचे. त्या दिवशी ते जेवत नसत. मी त्यांना म्हणायचे, "काका, तुम्ही यमाचे कारकून झालात की."

ही गोष्ट वॉर्डात पसरायला वेळ लागला नाही. संसर्ग नको म्हणून पेशंट काचेमागे एकटे असायचे. नातेवाइकांना आत जाता येत नसे, नुसतं काचेतून हात हलवायचे. करायला काही नसलं की माणूस काहीतरी धरून ठेवतो. एकेक जण तळघरात येऊन दारातूनच फळीकडे बघून जाऊ लागला. आहेत ना? आहेत. मग ठीक.

त्यात एक आई होती. तिचा मुलगा बेकरीत भट्टीवर कामाला होता, म्हणून आम्ही त्याला बेकरीवाला म्हणायचो. हसरा पोरगा. त्याच्या बहिणीच्या पेशी त्याला चढवल्या होत्या. आई रोज दुपारी यायची, दारातल्या खुर्चीवर टेकायची, फळीवरच्या त्या दोन करड्या ठोकळ्यांकडे बघायची.

"हात लावू का, भाऊ?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"नको ताई, शिसं असतं. पण इथून कुठे जात नाहीत ते. तो घरी जाईपर्यंत इथेच राहणार. माझा शब्द."

काकांनी शब्द दिला तेव्हा त्यांची थोरली मुलगी वरच्या मजल्यावर होती. पोस्टात नोकरीला होती ती, बापापेक्षा उंच, तोंडाची माझ्यासारखीच. तिलाही तोच रोग. औषधांवर दोनदा बरी झाली होती आणि दोनदा रोग उलटला होता. आता उरला होता तो हाच एक उपाय. पेशी तिच्या धाकट्या भावाच्या जुळल्या. "आता माझं रक्त तिच्या अंगात म्हणजे तीही माझ्यासारखी आळशी होणार," धाकटा सगळ्यांना सांगत फिरायचा. ती काचेमागून त्याला चापट मारल्याची खूण करायची. काका त्या दोघांकडे बघून हसायचे आणि मग तळघरात येऊन घासलेल्याच कडा पुन्हा घासत बसायचे.

तिचे ठोकळे दुसऱ्या कुणी करावेत असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. पण दुसरं होतं कोण? बाकी सगळ्या कामांसाठी नव्या मशीनमध्येच सोय आली होती, ओतकाम फक्त या एका उपचारापुरतं उरलं होतं. ते काम येणारे काकाच एकटे. म्हणूनच धातूही कुणी मागवून ठेवला नव्हता. दोन जोड्या होतील एवढाच साठा होता. दर ओतण्यात वरची मळी काढून टाकावी लागते, तसा तोही घटत चालला होता. नवा मागवलेला वाटेत कुठेतरी अडकला होता. काकांनी मुशीत होता तेवढा वितळवून पाहिला. पोरगी उंच, तिची फुप्फुसं मोठी. उजव्या ठोकळ्यापुरता धातू निघाला. डावा होईना.

त्या दिवशी फळीवर एकच जोडी होती. बेकरीवाल्याची.

मी खाली गेले तेव्हा काका स्टुलावर बसून फळीकडे बघत होते. उद्या तिचं रेडिएशन. औषधं आधीच सुरू झालेली, तिचं स्वतःचं रक्त मरत चाललेलं. आता थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नव्हतं.

"काका, त्याचं रेडिएशन संपलंय," मी म्हटलं. "ठोकळ्यांचा त्याला आता काडीचा उपयोग नाही. नियमानं ते कधीच वितळायला हवे होते. टाका."

"शब्द दिलाय."

"शब्दानं किरणं अडतात का?"

"तुला पोर नाही म्हणून बोलतेस."

"आणि तुम्हाला आहे म्हणून तुम्ही बसून राहणार?"

माझा आवाज चढला होता. काका उठले. त्यांनी डावा ठोकळा काढला, प्लास्टिक सोडवलं, मुशीच्या तोंडाशी धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आयुष्यभर लोकांना ऐकवलं मी हे." आणि सोडला. एक पुरला नाही, म्हणून दुसराही सोडला. धातू बुडताना आवाज करत नाही. करडा आकार आधी कडांनी गोल झाला, मग खचला, मग नव्हताच.

थोरलीचे ठोकळे छान उतरले. त्यांनी ते इतक्यांदा मोजले की मॅडमनी शेवटी हातातून काढून घेतले.

आता फळी रिकामी होती आणि बेकरीवाल्याची आई दुपारी येणार होती. सरळ सांगता आलं असतं. मी तसं म्हटलंही. काकांनी ऐकलं नाही. त्यांनी बेकरीवाल्याची जुनी फिल्म काढली, तापलेल्या तारेनं थर्मोकोल कापला, आणि एरवी जो मधला तुकडा टाकून देतात तोच ठेवला. दोन तुकडे, हुबेहूब त्याच्या फुप्फुसांचे. त्यांना करडा रंग दिला. प्लास्टिक गुंडाळलं. उजवा-डावा लिहिलं. फळीवर ठेवले तर मलासुद्धा फरक कळेना.

"ही फसवणूक आहे, काका."

"आहे."

आई आली, बसली, बघून गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. इतपत सुद्धा मी गिळलं असतं. पण थर्मोकोलला वजन नसतं. धूर ओढायला खोलीत पंखा होता, त्याच्या वाऱ्यानं ते ठोकळे फळीवर हलायला लागले. थोडे वर, थोडे खाली. प्लास्टिक फुगायचं आणि बसायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन पावलं मागे सरले. काका त्याकडे पाठ करून काम करायचे. नंतर त्यांनी पंखाच बंद ठेवायला सुरुवात केली. धुरानं त्यांचे डोळे लाल व्हायचे, खोकला यायचा, पण पंखा लावायचे नाहीत. तरीही कुणी दार उघडलं की ते दोन्ही एकदा वर व्हायचे.

आणि एका दुपारी आईनं दार उघडलं.

"हलतायत, भाऊ!" ती जागीच थांबली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता. "बघा ना. श्वास घेतल्यासारखे. काल त्याला जरा दम लागत होता, नर्स म्हणाली. आज बरं असणार त्याला. हो ना?"

काका म्हणाले, "हो ताई."

मी तिथून निघून आले. जिन्यात उभी राहून मी त्यांना शिव्या घातल्या, आणि रडलेही.

बेकरीवाल्याला आधीच ताप होता. काकांनी ठोकळे मुशीत सोडले त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो चढला होता. मी वॉर्डात जाऊन तक्ता बघून आले होते, आणि हे काकांना मी हजारदा सांगितलं. बहिणीच्या पेशी रुजल्याच नाहीत. रिकाम्या हाडांत कुणीच राहायला आलं नाही. संसर्ग वाढत गेला आणि एका सकाळी तो गेला. शिशाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. काकांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि त्यांना त्यातलं अक्षरही पटलं नाही हे मला दिसलं. त्या दिवसापासून ते खोलीत माझ्याशीसुद्धा कुजबुजत बोलायचे, कुणी झोपलंय असं समजून.

तिकडे थोरलीला धाकट्याच्या पेशी चढवून झाल्या होत्या. तिचे ठोकळे फळीवर बेकरीवाल्याच्या त्या खोट्या जोडीशेजारी ठेवलेले. त्या थर्मोकोलचं काय करायचं ते काकांना उमजत नव्हतं. वितळवायचे कसे? टाकायचे कुठे?

काही दिवसांनी बेकरीवाल्याची आई आली. नेहमीच्याच वेळी. मी काकांना फिल्म द्यायला खाली गेले होते.

"भाऊ, त्याचे ते द्या मला," ती म्हणाली. "आता कुणाला लागणार? शिसं असू दे. मी हात धुईन."

काका हलले नाहीत. तीच पुढे झाली. जड असणार म्हणून तिनं दोन्ही हात खाली घातले, पाय रोवले, जोर लावून उचललं. आणि हात एकदम खांद्यापर्यंत वर गेले.

तिनं खाली बघितलं. पुन्हा एकदा वर-खाली करून बघितलं. "इतकं हलकं?" ती म्हणाली. मग नखानं प्लास्टिक फाडलं. करड्या रंगाखाली पांढरा थर्मोकोल दिसला.

काकांनी सगळं सांगितलं. धातू पुरत नव्हता हे, मुलगी वर आहे हे, शब्द दिला होता हेही. सारवासारव केली नाही. "तुम्ही म्हणालात हलतायत, तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगता आलं. ताई, मला तुम्ही काय वाटेल ते बोला," असं म्हणून ते उभे राहिले. मला वाटलं, आता ही बाई खोली डोक्यावर घेणार. घ्यायलाच हवी होती. मी असते तर घेतली असती.

"मग त्याचा कुठाय?" तिनं विचारलं.

काकांनी शेजारच्या जोडीकडे बोट दाखवलं. "डाव्यात. जास्त करून डाव्यात."

तिनं थोरलीचा डावा ठोकळा उचलला. तो जड होता, तिचं मनगट वाकलं. तिनं तो छातीशी धरला आणि डोळे मिटून उभी राहिली. मी दारात होते, बाहेर जाता येईना आणि आतही. मग तिनं ठोकळा जागच्या जागी ठेवला, उजवा-डावा बघून ठेवला.

"तुमच्या पोरीच्या रुजल्या का?"

"अजून नाही."

"मग हे वितळवू नका." ती बेसिनपाशी गेली, हात धुतले, पदराला पुसले आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. खुर्चीवर बसली, थोरलीच्या ठोकळ्यांकडे बघत राहिली आणि उठून गेली. तिसऱ्या दिवशीही आली. मुलगा नव्हता, हॉस्पिटलशी तिचं काही काम उरलं नव्हतं, तरी रोज यायची. बोलायची नाही. काका घाबरले. "ती काय मागत असेल ग?" मला विचारायचे. "माझ्या पोरीचं बरं व्हावं म्हणून बसते, की होऊ नये म्हणून?" मी म्हटलं, तिलाच विचारा. त्यांची छाती झाली नाही. त्या खोलीत ती असताना ते कानस हातात घेऊन नुसते बसायचे. थोरलीचा ताप चढला की त्यांना वाटायचं, तिची नजर. उतरला तरी त्यांना वाटायचं, तिचीच. रोज सकाळी पांढऱ्या पेशींचा आकडा यायचा, तो विचारायला ते वर येत नसत, मला पाठवत. बरेच दिवस मी खाली जाऊन नाही म्हणून मान हलवत होते. एके सकाळी आकडा थोडासा वर आला. पुढच्या सकाळी आणखी. धाकट्याचं रक्त बहिणीच्या हाडांत रुजलं होतं.

"आता आळशी होणार ती," मी म्हटलं. काका हसले नाहीत. त्यांनी पंखा लावला.

घरी जायच्या दिवशी थोरली चालत तळघरात आली. मास्क लावलेला, डोक्यावर रुमाल, भावाचा हात धरलेला. तिला बापाची खोली बघायची होती. बेकरीवाल्याची आई नेमकी खुर्चीवर बसलेली होती. थोरलीला बघून ती उठली. काका मधे आल्यासारखे झाले, त्यांच्याही नकळत.

"हीच का?" आईनं विचारलं.

"हो, ताई."

ती थोरलीच्या जवळ गेली. बेसिनवर आधी हात धुतले होते तिनं, ते मी पाहिलं. "वळ बघू," म्हणाली. थोरलीनं गोंधळून आमच्याकडे बघितलं आणि वळली. आईनं तळहात तिच्या पाठीवर ठेवला, डाव्या बाजूला.

"श्वास घे. मोठा."

थोरलीनं घेतला.

"अजून एक."

तिनं घेतला. आईचा हात श्वासाबरोबर वर झाला, खाली झाला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तिनं हात काढून घेतला, काकांकडे एकदा बघितलं, आणि दारातून निघून गेली. पुन्हा ती कधी आली नाही. काका निवृत्त होईपर्यंत दुपारची ती वेळ झाली की दाराकडे बघायचे.

"बाबा, कोण होत्या त्या?" थोरलीनं विचारलं.

मी तोंड उघडलं तर काकांनी हातानं थांबवलं. मग त्यांनी तिला त्याच खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगायला लागले. बेकरीवाला, फळी, शब्द, मूस. डाव्यात काय आहे ते. ती ऐकत होती, एकटक, अजिबात न हलता. छातीसुद्धा हलत नव्हती. काकांच्या ते लक्षात आलं आणि सांगता सांगता ते एकदम ओरडले, "श्वास घे ग, पोरी! श्वास घे!"